परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. रासायनिक खत मी अजिबात वापरत नाही, दर पंधरा दिवसांनी जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले मिश्रण) घालते. तरीही सलग दोन वर्षे मे महिन्यात निम्मी झाडे करपली. पाणी कमी पडत नाही. संध्याकाळी कूलरच्या टाकीत उरलेले पाणीसुद्धा वाया न घालवता झाडांनाच देते. चुकते कुठे?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ही सवय नागपुरात घरोघरी आहे. कूलरमधून हवेत जाते ते केवळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार टाकीतच राहतात, आणि रोज त्यावर नवे पाणी ओतत गेल्याने आठवडाभरात टाकीतील पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारट होते. घरी बोअरवेल असेल तर हे आणखी लवकर घडते. कूलरच्या टट्ट्यांतील (जाळीच्या चौकटींतील) गवतावर आणि टाकीच्या काठावर जो पांढरा, खरखरीत थर जमतो, त्यावरून एकदा बोट फिरवून पाहावे. तोच थर आपण रोज संध्याकाळी कुंडीत ओतत आहात. जमिनीत तो पावसाबरोबर खाली वाहून जातो, पण कुंडीत उन्हाळाभर साचत राहतो आणि पानांच्या कडा बाहेरून आत तपकिरी होत जातात. ते पाणी अंगण धुण्यासाठी वापरावे. आच्छादनासाठी जुन्या टट्ट्यांचे गवत काढून ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण क्षार त्यातही भरलेले असतात. कुंड्यांत आधीच साचलेले क्षार जाण्यासाठी पावसाळ्याच्या आरंभी तळाची छिद्रे मोकळी करून दोन-तीन चांगल्या सरी त्यांतून आरपार वाहू द्याव्यात.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण तो सावलीतल्या हवेचा आकडा झाला. गच्चीचा स्लॅब त्याहून कितीतरी अधिक तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब कुंडीच्या तळातून मुळांना देत राहतो. काळ्या प्लास्टिकच्या पातळ कुंडीत मुळे नेमकी भिंतीला चिकटून वाढलेली असतात. ती आधी मरतात, पाने नंतर. म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात, मोठ्या कुंड्या पश्चिमेला व लहान त्यांच्या आडोशाला अशा दाटीने मांडाव्यात आणि ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मार्चमध्येच बांधून घ्यावी. नवतपा (मेअखेरचे नऊ अतितप्त दिवस) लागल्यावर बांधलेली जाळी करपलेल्या झाडांना सावली देते, एवढेच. कुंडीत वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा आणि पाणी सूर्योदयापूर्वी घालावे.

आता जीवामृताविषयी. अमरावती जिल्ह्यातील नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी प्रसारात आणलेल्या या मिश्रणाचे घरगुती प्रमाण साधारणतः २० लिटर पाण्याला एक किलो देशी गाईचे शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, गूळ व बेसन प्रत्येकी १०० ते २०० ग्रॅम आणि मूठभर जिवंत (रसायने न पडलेली) माती असे पडते. सावलीत ४८ तास ठेवून, दिवसातून दोनदा ढवळून ते तयार होते. मात्र हे खत नसून विरजण आहे, आणि दूधच नसेल तर विरजण लावून दही होत नाही. मातीत शेणखत किंवा कंपोस्ट नसेल, वरून आच्छादन नसेल, तर त्यातील सूक्ष्मजीव जगणार कशावर? तेव्हा प्रथम कुंडीतील मातीचा तिसरा हिस्सा कुजलेल्या खताचा करावा, मग जीवामृत दहापट पाण्यात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीवर द्यावे.

प्रश्न : अंगणातील जास्वंद आणि लिंबाची नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अंड्यांची टरफले आणि चुलीची राख घालूनही फरक पडला नाही. जास्वंदीवर पांढरी, कापसासारखी कीडही आली आहे.
— एक वाचक, खामला

उत्तर : ते दोन्ही आजपासून बंद करावे. नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे (नत्र कमी असते तेव्हा जुनी पाने आधी फिकी पडतात). आपल्याकडील काळ्या मातीत लोह असते, परंतु चुनखडीमुळे सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा) साडेसात-आठच्या घरात गेला की ते मुळांना घेता येत नाही. राख आणि टरफले यांनी आपण त्याच चुन्यात भर घातली. जमेल तेवढे पावसाचे पाणी साठवून या झाडांसाठी राखून ठेवावे आणि आळ्यात वर्षातून दोनदा भरपूर कंपोस्ट घालावे. हा उपाय संथ आहे. तोवर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे व पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. हिराकस म्हणजे रसायन, असा आक्षेप काही वाचक घेतील. परंतु कमतरता दिसत असता सूक्ष्म अन्नद्रव्य देण्यास सेंद्रिय प्रमाणीकरणातही अटींसह मुभा असते, आणि तत्त्वापायी झाड उपाशी ठेवणे मला पटत नाही.

जास्वंदीवरची पांढरी, कापसासारखी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का ते पाहावे, कारण त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्याच त्याला राखतात. मुंग्यांची वाट तोडावी, पाण्याच्या जोरदार धारेने कीड धुऊन काढावी आणि मग पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर करावी व त्यात चिमूटभर साबण विरघळवावा. जून-जुलैत कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षाची सोय होते.

प्रश्न : ओल्या कचऱ्याच्या डब्याला वास येतो आणि त्यात जाड, करड्या अळ्या झाल्या आहेत.
— एक वाचक, महाल

उत्तर : अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या आहेत, त्या निरुपद्रवी असून कचरा झपाट्याने संपवतात. वास मात्र हवा न मिळाल्याचा आहे. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट वाळलेला पाला टाकावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ, कडुनिंब यांची पानगळ रस्तोरस्ती पेटवली जाते, तेव्हा तीच चार पोती भरून आणावी. संत्र्याच्या साली बारीक करून या डब्यात चालतात. गांडूळ खताच्या खोक्यात मात्र मोठ्या प्रमाणात टाकू नयेत, त्यांतील तेल गांडुळांना सोसत नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये तीनदा धने पेरले, सांबार (कोथिंबीर) उगवलाच नाही.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : या उन्हात उगवणार नाही आणि उगवला तरी चार पानांवर फुलोऱ्याला येईल. धने हलके रगडून, दोन डाळिंब्या करून ऑक्टोबरमध्ये पेरावेत. तोवर जाळीखाली चवळाईची पालेभाजी लावावी आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की बरबटी (चवळीच्या शेंगा), भेंडी व दोडके.