क्रिएटिनिन १.४ आणि १.१: काळजी नेमकी कुणाची?

"क्रिएटिनिन वाढलंय. आता डायलिसिस करायला लागणार का?"

किडनी ओपीडीत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न रोज कानावर पडतो. विचारणाऱ्याच्या हातात रिपोर्ट असतो, त्यातला एक आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी 'हाय' म्हणजे जास्त असं सांगणारा 'एच' असतो, आणि त्याभोवती घरातल्या कुणीतरी पेनानं गोलही काढलेला असतो. सगळी भीती त्या गोलात. बाकीचा कागद कुणी वाचलेला नसतो.

कोल्हापूरजवळच्या एका गावातून आलेल्या नवरा-बायकोची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. नुसतं काका-काकू म्हणू. काका ६५ वर्षांचे, तरुणपणी तालमीत घुमलेले, अजूनही उसात राबणारे. मान आणि दंड बघूनच कळावं की हा जुना पैलवान. काकू ६२ वर्षांच्या, अंगानं अगदी काटकुळ्या. त्यांना चौदा वर्षांपासून शुगर. लॅबची जोडप्यासाठी काहीतरी सवलत होती म्हणून मुलानं दोघांचं पॅकेज करून घेतलं. काकांचं क्रिएटिनिन आलं १.४, युरिया ५२. दोन्ही ठळक.

माझ्याकडे येईपर्यंत आठवडाभर घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. मुलानं मोबाइलवर वाचून काकांची डाळ बंद केली, मीठ बंद केलं, आणि दिवसाला सहा लिटर पाणी प्यायला लावलं. कुणीतरी सांगितलं म्हणून किडनी 'साफ' करणारी एक पावडरही आणून ठेवली होती. काका मात्र एकच विचारत होते, "मॅडम, मशीनवर बसाय लागंल काय? तसं असंल तर आत्ताच सांगा, उसाचं बघाय लागंल."

मी डॉक्टर नाही. निदान करणं, औषध देणं हे माझं काम नाही. पण डॉक्टरांपुढे बसण्याआधी चार गोष्टी विचारून ठेवल्या तर त्यांचंही काम सोपं होतं. म्हणून विचारलं, रक्त द्यायच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?

काका जरा लाजले. "पाहुण्याकडं जत्रा हुती. मटण जरा जास्तच झालं."

पाणी किती प्यायलात? दिवसभर उन्हात, मग रात्री उशिरा घरी, सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये. म्हणजे जवळजवळ नाहीच. एखादी गोळी चालू आहे का? "कंबर धरली की मेडिकलमधनं आणतो एक. त्या आठवड्यात रोज घेतली." मुलानं गोळीची पट्टी दाखवली. डायक्लोफिनॅक.

आता क्रिएटिनिन म्हणजे काय ते बघू. स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ. किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. चुलीत लाकडं जास्त तर राख जास्त, आणि राख साठली म्हणजे दरवेळी झाडणाराच कामचुकार असतो असं नाही. पैलवानाच्या अंगात स्नायू भरपूर, त्यामुळे त्याचं क्रिएटिनिन मुळातच थोडं वरच्या अंगाला असू शकतं. शिजवलेल्या मटणातही क्रिएटिनिन असतं, त्यामुळे मोठ्या मांसाहारी जेवणानंतर काही तास रक्तातला आकडा चढतो. जिममध्ये जाणारी पोरं क्रिएटिनची पावडर घेतात, त्यांचाही चढलेला दिसतो. शरीरात पाणी कमी पडलं की युरिया, म्हणजे प्रोटीनपासून बनणारा दुसरा टाकाऊ पदार्थ, वाढतो, क्रिएटिनिनही वाढू शकतं. आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात अंगात पाणी कमी असेल तर धोका जास्तच. काकांच्या बाबतीत यातली बहुतेक कारणं एका सकाळी एकत्र आली होती.

हे ऐकून मुलाचा जीव भांड्यात पडला आणि तो उठायलाच लागला. पिशवीत दुसरा रिपोर्ट दिसत होता. तो कुणाचा, विचारलं.

"आईचा. तिचं नॉर्मल हाय."

तो उघडला. क्रिएटिनिन १.१. लॅबनं स्त्री-पुरुष दोघांना एकच हद्द छापली होती, ०.६ ते १.२. त्यामुळे ठळक काही नाही, 'एच' नाही, पेनाचा गोल नाही. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, ईजीएफआर नावाची. किडनी मिनिटाला अंदाजे किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा हा हिशोब; हा आकडा जितका कमी तितकं किडनीचं काम कमी. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून तो सूत्रानं काढतात. बऱ्याच लॅब हल्ली २०२१ साली सुधारलेलं सूत्र वापरतात. काही लॅब ही ओळ छापतच नाहीत. तेव्हा मागून घ्यावी.

मी मुलाला दोन्ही कागद शेजारी ठेवायला लावले आणि ती ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली. काकांची ५६. काकूंची ५७.

तो दोनदा वाचून थांबला. ज्या भीतीपायी बापाची डाळ बंद झाली, तिचं कारण आईच्या कागदावरही जवळजवळ तेवढंच होतं आणि त्याला कुणी हातही लावला नव्हता. काकूंच्या अंगात स्नायूच थोडे, म्हणून क्रिएटिनिन कमी तयार होतं. त्यामुळे किडनीचं काम घटूनही त्यांचा आकडा हद्दीत बसला. माणूस फारच बारीक असेल तर ईजीएफआरसुद्धा खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. अशा वेळी डॉक्टर कधी सिस्टॅटिन सी नावाची तपासणी सांगतात. ती स्नायूंवर तितकी अवलंबून नसते, मात्र महाग पडते आणि सगळीकडे होत नाही. क्रिएटिनिनचा मुळातला दोषच हा आहे की किडनीचं जवळपास निम्मं काम जाईपर्यंत ते हद्दीत राहू शकतं. 'नॉर्मल'वर विसंबून शुगरचे किती पेशंट वर्षानुवर्षं निर्धास्त राहतात हे ओपीडीत बसलं की कळतं.

काकूंना विचारलं, लघवीला फेस येतो का?

"येतोय की. वर्स झालं. पण ते कुणाला सांगायचं?"

डॉक्टरांनी दोघांचीही लघवीची एसीआर तपासणी लिहून दिली. लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती झिरपतंय ते यात कळतं. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना दिलेला बरा. ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे जास्त गळती. ताप असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा आदल्या दिवशी खूप अंगमेहनत झाली असेल तर तेवढ्यापुरता आकडा वाढतो. किडनीचं दुखणं नुसत्या रक्तावर ठरत नाही, रक्त आणि लघवी दोन्ही लागतात. पॅकेजमध्ये एसीआर बहुतेक नसते, आणि तिथंच गफलत होते.

काकांना डॉक्टरांनी कंबरेची गोळी थांबवायला सांगितली, पावडर कचऱ्यात टाकायला लावली, आणि दहा-बारा दिवसांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासायला सांगितलं. आदल्या दिवशी मटण नको, पाणी तहानेप्रमाणे. सहा लिटर पाणी प्यायल्यानं किडनी धुऊन निघत नाही. आणि ज्यांच्या अंगावर सूज आहे किंवा हृदय कमजोर आहे त्यांना ते अंगाशी येऊ शकतं. दुसऱ्या वेळी काकांचं क्रिएटिनिन १.२ आलं, ईजीएफआर ६७, एसीआर १२, सोनोग्राफी चांगली. त्यांना वर्षाला एकदा तपासणी आणि बीपीवर लक्ष, एवढंच सांगून घरी धाडलं. डाळही परत सुरू झाली.

काकूंचं एसीआर आलं २१०.

तेव्हा मात्र घर पुन्हा हादरलं. रिपोर्टवर 'स्टेज ३ ए' लिहिलं होतं. स्टेज म्हटलं की आपल्याकडे माणसाला थेट कॅन्सर आठवतो. शांतपणे समजावावं लागलं. ईजीएफआर ४५ ते ५९ असेल तर त्याला ३ ए म्हणतात, १५ च्या खाली गेलं तर पाचवी. डायलिसिसचा विषय निघतो तो साधारण त्या पाचव्या टप्प्यात, तोही लक्षणं आणि बाकीचे रिपोर्ट बघून. शिवाय दुखणं जुनं आहे की तात्पुरतं हे एका रिपोर्टवर ठरत नाही. निदान तीन महिने तसंच टिकलंय का ते बघावं लागतं. तीन महिन्यांनी काकूंचं पुन्हा तपासलं. ईजीएफआर ५०च्या आसपास, एसीआर वरच. शुगरमुळे किडनीला लागलेली झळ आहे हे मग पक्कं झालं.

या तीन महिन्यांत आणखी एक घोळ झाला, तो सांगितलाच पाहिजे. डॉक्टरांनी काकूंना टेल्मिसार्टन सुरू केली होती. ही बीपीची गोळी, पण लघवीतली प्रोटीनची गळतीही कमी करते. दोन आठवड्यांनी तपासलं तर क्रिएटिनिन १.१ वरून १.२. मुलगा फोनवर तावातावानं म्हणाला, "गोळीनंच किडनी बिघडली, बंद करतो." मी म्हटलं, बंद करू नकोस, आधी डॉक्टरांना रिपोर्ट दाखव. ही गोळी गाळणीवरचा दाब उतरवते, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर सरकणं अपेक्षितच असतं. वाढ ३० टक्क्यांपर्यंत असेल तर डॉक्टर सहसा गोळी चालू ठेवतात आणि लक्ष ठेवतात. काकूंची वाढ १० टक्क्यांच्याही आत होती. त्याच वेळी पोटॅशियमही तपासतात, कारण या गोळीनं ते वाढू शकतं. काकूंचं ५.० होतं, म्हणजे काठावर.

म्हणून शेजारणीनं 'किडनीला चांगलं' म्हणून सुचवलेलं रोजचं नारळपाणी थांबवलं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. बाजारात मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठही तसंच, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. काकूंसाठी साधंच मीठ, पण कमी. लोणचं-पापड ताटातून उठले ते त्यांना अजून रुचलेलं नाही. "मग भाकरी कशाशी खायाची?" हा त्यांचा सवाल रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आहारतज्ज्ञांकडे बसून शोधलं: लसणाची कमी मिठाची चटणी, वर लिंबू.

सहा महिन्यांनी एसीआर १३० वर आलं. क्रिएटिनिन १.२ वरच आहे. मुलाला अजून वाटतं की ते ०.८ व्हायला पाहिजे. त्याला सांगते की या दुखण्यात आकडा जागच्या जागी राहिला तरी औषध काम करतंय असं समजायचं. आता जुने-नवे सगळे रिपोर्ट तारखेनं लावलेली फाइल तो घेऊन येतो, कारण डॉक्टर एकटा आकडा कधी बघत नाहीत, त्याची चाल बघतात.

राहिला गुडघा. काकूंचा गुडघा दुखतो, आणि घरात कंबरेची ती पट्टी अजून शिल्लक होती. दोन गोळ्या घेऊन झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. काकांना एकदा चालून गेली असेल, काकूंना ती नकोच. दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल, तीही ठरल्या मापात. गावातल्या मेडिकलवाल्याला मुलानं आईच्या नावाची चिठ्ठी देऊन ठेवली आहे: वेदनाशामक मागायला आल्या तर द्यायचं नाही, आधी मला फोन करायचा.