वाचकांचे प्रश्न : फॉर्टिंगलचे झाड गेले कुठे?

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाच्याने फॉर्टिंगल या खेड्यातील सुप्रसिद्ध पुरातन यू वृक्षाचे (यू म्हणजे एक सदाहरित, सूचिपर्णी झाड) छायाचित्र पाठवले आहे. त्यात दगडी भिंतीआड हिरव्या फांद्यांचा एक पुंजका तेवढा दिसतो. मांडवच्या अवाढव्य बुंध्यांच्या गोरखचिंचा पाहिलेल्या आम्हां घरच्यांना हे काही पटेना. तो भलत्याच झाडापाशी तर उभा राहिला नाही ना? येत्या जूनमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. एका झाडासाठी एवढ्या आडगावी जावे काय?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपला भाचा योग्य झाडापाशीच उभा होता. १७६९ साली डेन्स बॅरिंग्टन या इंग्रज निसर्गअभ्यासकांनी या झाडाचा घेर मोजला, तेव्हा तो ५२ फूट भरला होता. म्हणजे दहाएक माणसांनी हात पसरले तर कवेत यावा एवढा. मात्र यूचे खोड वय वाढते तसे आतून कुजून पोकळ होते आणि येथे निसर्गाच्या कामाला माणसांनीही हातभार लावला. गावातली पोरे बेल्टेन या वसंतोत्सवाची होळी बुंध्यापाशीच पेटवीत, तर बाहेरून येणारे लोक पेले आणि आठवणीच्या वस्तू करण्यासाठी लाकूड तोडून नेत. अखेर भोवती भिंत घालावी लागली. आज त्या घेराचे काही तुकडेच वेगवेगळ्या झाडांसारखे उभे आहेत आणि जुन्या बुंध्याची कड जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवरून ओळखावी लागते. छायाचित्रात त्या खुंट्या दिसत नाहीत, म्हणून आपला गोंधळ झाला असावा.

गाभ्याबरोबर वय मोजायची वार्षिक वर्तुळेही गेल्याने वय नेमके सांगता येत नाही. दोन ते तीन हजार वर्षे हा अंदाज पुष्कळांना मान्य आहे; पाच हजारांचा आकडाही ऐकू येतो, पण आम्ही त्यावर पैज लावणार नाही. येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पॉन्टियस पिलात याच झाडाखाली जन्मला, ही गावची आवडती दंतकथा. तो यहूदियाचा कारभार पाहत होता इ. स. २६ ते ३६ या काळात, आणि रोमन फौजा ब्रिटन जिंकायला उतरल्या ४३ साली, एवढे लक्षात ठेवून ती ऐकावी. खरी नवलाची गोष्ट अलीकडची आहे. यूमध्ये नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात व हे झाड नर म्हणून नोंदलेले. तरी २०१५ साली त्याच्या एका फांदीला तीन लाल फळे धरलेली आढळली. (फळ दिसायला गोड असले तरी आतली बी आणि पाने विषारी असतात, तेव्हा हात लावू नये.)

झाड पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. गवताने शाकारलेली घरे आपल्याला पुरातन वाटतील, पण ती १८९०च्या सुमारास जहाजमालक डोनाल्ड करी यांनी बांधवून घेतली. उत्तरेकडे १,०८३ मीटर उंचीचा शिहॅलियन डोंगर आहे. १७७४ साली ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्कलिन यांनी तेथे तळ ठोकून, डोंगराच्या ओढीने ओळंबा किती कलतो हे ताऱ्यांच्या आधारे मोजले आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढण्यात आली. डोंगराचे आकारमान ठरवताना गणिती चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले; शाळेच्या भूगोलातील समोच्च रेषा त्याच.

आमचे मन मात्र ओढले जाते ते गावापासून पश्चिमेला पसरलेल्या ग्लेन लायनकडे. या दरीच्या वरच्या टोकाला, लांब पायपीट केल्यावर, हातभर उंचीचे एक दगडी घरकुल लागते. त्यात नदीच्या पाण्याने गुळगुळीत झालेले, साधारण माणसाच्या घाटाचे दगड असतात : म्हातारी, म्हातारा आणि त्यांची लेक. मेच्या आरंभी त्यांना बाहेर आणून बसवतात आणि नोव्हेंबर लागताच पुन्हा आत ठेवून दार गवताने व दगडांनी बुजवतात. शेंदूर तेवढा नाही. बाकी माळव्यातल्या कोणत्याही शिवेवर शोभावे असे ते दैवत आहे.

तेव्हा जरूर जावे, पण झाडाला अर्धा तास आणि दरीला अख्खा दिवस द्यावा. जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. रस्ता एकाच गाडीपुरता आहे. समोरून गाडी आल्यास डाव्या हाताच्या रुंद जागेत आपली गाडी घ्यावी, आणि तशी जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला तीत वळू द्यावे. मेंढ्यांच्या कुंपणाचे फाटक जसे सापडेल तसेच, उघडे अथवा बंद, ठेवून पुढे जावे.