“आमच्या मुलीत नेमकी कोणती बुद्धिमत्ता आहे?”

पूर्वी पालक विचारायचे, “पोरगी हुशार आहे ना?” आता विचारतात, “कोणत्या प्रकारची हुशार आहे?” प्रश्न सुधारल्यासारखा वाटतो. पण पुष्कळदा त्यामागे जुनीच घाई असते: एकदाचा शिक्का मारून टाकू, म्हणजे पुढची वाट ठरली.

मी मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेते. दहा वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोबत एक जाडजूड रंगीत अहवाल. बोटांचे ठसे घेऊन काढलेला. त्यात आठ बुद्धिमत्तांचे आठ रंगीत स्तंभ. दृश्य-अवकाशीय (आकार, चित्रं, जागा यांची समज) सगळ्यात उंच, तार्किक-गणिती सगळ्यात बुटका. वडील म्हणाले, “गणितावरून घरात रोज रडारड व्हायची. हे आल्यापासून आम्ही तिला बोलणंच सोडलं. जे तिच्यात नाही ते कुठून आणणार? आता चित्रकलेकडे वळवायचं ठरवलंय. तुम्ही फक्त एकदा खात्री करून द्या.”

त्यांचा हेतू मायेचाच होता. मुलीशी मी एकटीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, “मला गणित येणार नाही. माझ्यात ती बुद्धिमत्ता नाहीये.” रक्तगट सांगावा इतक्या सहजपणे. तिला दुःख झालेलं दिसलं असतं तर मला कमी काळजी वाटली असती.

ठशांचं आधी उरकून टाकते. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत, पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यावरून मुलाची बुद्धी, कल किंवा करिअर कळतं याला कसलाही विश्वासार्ह पुरावा नाही. तो अहवाल मी मिटून बाजूला ठेवला आणि रीतसर चाचणी घेतली.

चाचणीत लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी नक्षी जुळवायची असते. चित्राकडे तिने एकदाच नीट पाहिलं आणि ठोकळे भराभर लावले. मग वेळ चालू असतानाच सगळ्या कडा बोटाने सरळ करत बसली. पुढे आकडे ऐकून उलट्या क्रमाने सांगायचे होते. तीन आकडे जमले. चारला ती ओठ हलवत छताकडे बघू लागली, पहिले दोन बरोबर म्हणाली आणि “गेले” म्हणून थांबली. तोंडी हिशेबातही तेच: रीत बरोबर, पण मधलीच संख्या हातातून निसटायची. तीच उदाहरणं नंतर कागदावर दिली, तर तिने शेजारी छोट्या चौकटी काढल्या आणि बहुतेक सोडवली.

एकूण बुद्ध्यांक आला ९८. सरासरी १०० असते आणि सुमारे दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ मध्ये बसतात, म्हणजे ९८ अगदी चारचौघांसारखा. पण अवकाशीय क्षमता ११७ आणि कार्यस्मृती, म्हणजे माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, ८२. इतकी दरी असली की एकूण आकडा फारसं काही सांगत नाही. तो मी पालकांना सांगितला, पण त्यावर रेंगाळू दिलं नाही.

आईने विचारलं, “मग त्या आठ बुद्धिमत्ता खोट्या?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवलं की एका विषयात चांगली असणारी मुलं इतर विषयांतही बहुधा बरी असतात. त्यामागे एक सामान्य बौद्धिक घटक असावा असं त्यांनी मांडलं. मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता वेगळ्या काढल्या. मानसशास्त्रज्ञ कॅटेल यांनी दोन भाग केले: नव्या प्रश्नाला भिडणारी प्रवाही बुद्धिमत्ता आणि शिकून, वाचून, अनुभवातून साठत जाणारी संचित बुद्धिमत्ता. पहिली तरुणपणी शिखर गाठून उतरू लागते, दुसरी उतारवयापर्यंत वाढू शकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढे निसर्गविषयक आठवी जोडली. अहवालातल्या आठ त्या याच. या मांडणीला ‘बहुविध बुद्धिमत्ता’ म्हणतात. संगीत, शरीरावरचा ताबा, माणसं ओळखणं यांना त्यांनी भाषा-गणिताच्या पंगतीला बसवलं, म्हणून शिक्षकांना ही मांडणी मनापासून आवडली. संशोधकांचा आक्षेप असा की यातल्या बऱ्याच क्षमता मोजल्या तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र निघत नाहीत. मला स्वतःला गार्डनर यांची मांडणी वर्गात दार उघडायला उपयोगी वाटते, निदान करायला नाही.

आणि एक गोष्ट अहवाल विकणारे कधीच सांगत नाहीत. प्रत्येक माणसात या सगळ्याच बुद्धिमत्ता असतात, कमीअधिक प्रमाणात आणि एकत्र काम करणाऱ्या, हे गार्डनर यांचंच म्हणणं. बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे ‘शिकण्याची शैली’ नव्हे, हेही त्यांनी २०१३ मध्ये स्पष्ट लिहिलं. “ही दृश्य प्रकारची आहे, तिला चित्रांतूनच शिकवा” या सल्ल्याला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. चित्रं, आकृत्या जवळपास सगळ्याच मुलांना मदत करतात, विषय तसा असेल तर.

वडील अजून आकड्यावरच होते. “हा ९८ वाढेल का?” इथे बऱ्याच जणांची गफलत होते. बुद्ध्यांक ही त्याच वयाच्या मुलांशी केलेली तुलना आहे. दहाव्या वर्षी ९८ आणि तेराव्या वर्षीही ९८ आला, तर मूल तीन वर्षांत थांबलेलं नसतं. बरोबरीच्या मुलांइतकं वाढलेलं असतं. शब्दसंग्रह, तर्क, कार्यस्मृती हे सगळं या वयात वाढतच असतं. आनुवंशिकतेचा वाटा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण विसाव्या शतकात अनेक देशांमध्ये चाचण्यांतली सरासरी कामगिरी दर दशकाला सुमारे तीन गुणांनी वाढत गेली, आणि जनुकं इतक्या झपाट्याने बदलत नाहीत. शालेय शिक्षणाच्या एकेका जादा वर्षाने बुद्ध्यांकात साधारण एक ते पाच गुणांची भर पडते, असं २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं. आणि १९०५ मध्ये बुद्धिमत्तेची पहिली व्यवहार्य चाचणी बनवणारे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने स्वतः, बुद्धी ठरावीकच असते असं मानणाऱ्यांवर चार वर्षांनी तुटून पडले होते. चाचणी त्यांनी बनवली होती ती मदतीची गरज असलेली मुलं ओळखायला.

आम्हीही चाचणीचा उपयोग तेवढाच केला. तोंडी हिशेबाचा हट्ट सोडायचा, मधली प्रत्येक पायरी कागदावर लिहायची. एका वेळी एकच सूचना. शाब्दिक उदाहरण आलं की आधी आकृती काढायची. ही युक्ती तिचीच, मी फक्त तिला परवानगी मिळवून दिली. पाढे पक्के करायचे, कारण जे आपोआप आठवतं त्याचा भार कार्यस्मृतीवर पडत नाही. स्मरणशक्ती वाढवणारे मोबाइल गेम मात्र नको म्हटलं. त्यांनी त्या खेळातलं कौशल्य वाढतं, ते गणितात उतरल्याचं सहसा दिसत नाही. शिक्षकांना पालकांच्या संमतीने एक पानी चिठ्ठी दिली. चित्रकला चालू ठेवायला सांगितली, गणिताच्या बदल्यात नव्हे, तिला आवडते म्हणून.

सगळ्यात अवघड काम वडिलांचं होतं. “तुझ्यात नाही” हे वाक्य त्यांनी घरात बोलून झालं होतं, तेही प्रेमाने. ते मागे घ्यायला त्यांना अनेक आठवडे लागले, कारण मुलगीच ते वाक्य ढालीसारखं पुढे करू लागली होती. अभ्यासाला बसवलं की, “पण रिपोर्टमध्ये...” मी त्यांना वाद घालू नका म्हटलं. कालचं कागदावर सोडवलेलं उदाहरण समोर ठेवा आणि विचारा, हे कोणी सोडवलं?

वर्षअखेरीस गणितात ती वर्गाच्या मध्यावर होती. भूमिती बरी, तोंडी परीक्षा अजून कच्ची. नंतर भेटायला आले तेव्हा वडिलांनी विचारलं, “धाकट्याचीही चाचणी करून घेऊ का?” त्याला काही अडचण आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाले, सहा वर्षांचा आहे, मजेत आहे. मग चाचणीने कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, असं विचारल्यावर नवराबायको एकमेकांकडे बघून हसले. धाकट्याची तारीख काही आम्ही घेतली नाही.