मोरचुदाचा जलचरांना धोका: आधी आकडा कशाचा ते बघ

एलसी५० (चाचणीतले निम्मे जीव मारणारं पाण्यातलं प्रमाण) हातात आला की पहिला प्रश्न: हा आकडा मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) की नुसत्या तांब्याचा? निळ्या स्फटिकात तांबं जेमतेम २५.५ टक्के. लिटरला ०.१ मिलिग्रॅम तांबं म्हणजे सुमारे ०.३९ मिलिग्रॅम मोरचूद. इथे गल्लत झाली की धोक्याची वर्गवारीच चुकू शकते. तीव्र विषारीपणाच्या पहिल्या (सर्वांत घातक) वर्गाची वरची सीमा लिटरला १ मिलिग्रॅम आहे.

मग पाण्याची कठीणता, पीएच, विरघळलेला सेंद्रिय कार्बन बघ. हे तिन्ही नसलेला अहवाल मी तरी बाजूला ठेवतो. मृदू पाण्यात तांबं जास्त मारक. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या गोड्या पाण्यासाठी डॅफ्नियाची (पाणपिसवांची) ४८ तासांची चाचणी ठीक, पण ठाणे खाडीच्या खाऱ्या पाण्याला तो निकाल चिकटवू नकोस. तिथे सागरी प्रजातींचीच माहिती हवी.

नमुना आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घे, नंतरच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आण. उलटं केलंस तर कणांना चिकटलेलं तांबंही सुटतं आणि ‘विरघळलेलं’ म्हणून मोजलं जातं. शैवालाच्या चाचणीत वाढीच्या माध्यमातलं ईडीटीए हे रसायन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे विषारीपणा कमी दिसतो.

आणि हो, अहवालातला ‘जैवविघटन’चा (जिवाणूंनी पदार्थ मोडण्याचा) रकाना धातूसाठी निरर्थक.