‘सूड’ लिहिलंत तर ‘कशाचा?’ असं विचारतील

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. अर्जाच्या भाषांतरात ‘आउट ऑफ स्पाइट’ला ‘सूडापोटी’ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मीही एकदा अगदी हेच लिहून बसलो होतो. ‘इन स्पाइट ऑफ’ म्हणजे असूनही, तरीही, हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

माझ्याकडे भाषांतराला आलेला वाद सामाईक विहिरीचा होता. पुतण्याच्या पाळीच्या दिवशी चुलत्याने मोटारीचा स्टार्टरच काढून घरी नेला. पुतण्याचा ऊस वाळला. चुलत्याचाही ऊस त्याच विहिरीवर, तोही वाळला! पुतण्या परदेशात, म्हणून निवेदन इंग्रजीत आलं आणि त्यात ‘प्युअर स्पाइट’ असं होतं. मी झोकात ‘निव्वळ सूडापोटी’ ठोकून दिलं. सुनावणीत समोरच्या वकिलांनी तेवढाच शब्द उचलला. “सूड कशाचा? म्हणजे आधी आगळीक तुमची होती, हे तुम्हीच लिहून देताय.”

बरोबरच होतं त्यांचं. सूड उगवायला आधी काहीतरी घडलेलं लागतं. स्पाइटला तसं काही लागत नाही, आणि त्यातून स्वतःला फायदाही नको असतो. समोरच्याचं वाटोळं झालं की पुरे, आपलं झालं तरी बेहत्तर. नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे, ही म्हण म्हणजे स्पाइटची अख्खी व्याख्या आहे. (म्हण अर्जात घालू नका, एवढं सांगायला नकोच.) तिथे ‘आकसापोटी’ हवं होतं.

चूक माझी, कबूल. पण ज्या एजन्सीचं काम होतं तिने कहर केला. दुरुस्ती पाठवली तर म्हणे, “आमच्या शब्दसूचीत स्पाइट म्हणजे द्वेष, आकस बसत नाही.” अहो, द्वेष मनात वर्षानुवर्षं नुसता पडून राहू शकतो, स्टार्टर काढून नेतो तो आकस! चार महिने नुसते मेल. शेवटी माझे पैसे कापले आणि अर्जात ‘सूड’ तसाच राहिला. चुकीचा शब्द लिहिल्यापेक्षा त्या शब्दसूचीपुढे मान तुकवली, याचा जास्त राग येतो अजून.

बाकीचे शब्द माझ्या मते असे (मी ना वकील, ना भाषाशास्त्रज्ञ): ‘डूख’ सापासारखा, मनात धरून ठेवलेला. ‘खुन्नस’ कट्ट्यावर झकास, अर्जात नको. ‘हेवा’ आणि ‘मत्सर’ यांत दुसऱ्याचं काहीतरी आपल्याला हवं असतं, म्हणून तेही बाद. तुमच्या दुसऱ्या वाक्यात ‘टु स्पाइट हिम’ असं क्रियापद आहे. तिथे नाम शोधत बसू नका, ‘केवळ त्याला त्रास व्हावा म्हणून’ असं सरळ लिहा.

जाता जाता: हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, मुळाशी लॅटिनमधलं ‘वरून खाली पाहणं’, म्हणजे तुच्छ लेखणं. म्हणून माणसाबद्दल ‘इन स्पाइट ऑफ हिम’ आलं तर कधीकधी ‘असूनही’ पेक्षा ‘त्याच्या नाकावर टिच्चून’ जास्त चपखल बसतं. अर्थात संदर्भ पाहून. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, ‘आकस’ तिथे बघा. आणि तुमचा अर्ज अजून दाखल झाला नसेल तर आजच बदलून घ्या. एकदा शिक्का बसला की एका शब्दासाठी कोणी दारात उभं करत नाही.