वाचकांचे प्रश्न : घरी बिअर करण्यासाठी भांडे कोणते घ्यावे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, तयार अर्कापासून मी घरी बिअर करतो आणि त्यासाठी पाच गॅलनचे स्टीलचे पातेले वापरतो. आता मोठ्या कापडी पिशवीत जव भिजवून पाच गॅलन बिअर करण्याचा विचार आहे. घरात काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी आहे. भांडे किती मोठे असावे, स्टीलचे की ॲल्युमिनियमचे, आणि तोटी, थर्मामीटर यांची गरज आहे का? आमच्या मंडळाकडे गणेशोत्सवात बटाट्याच्या भाजीसाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियमचे मोठे पातेले आहे, ते चालेल का?

उत्तर : धातूचा विचार नंतर करावा, भांडे किती मोठे हवे आणि त्याला पुरेशी आच आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे. पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअर हाती यायची असेल, तर उकळायला ठेवताना वर्ट, म्हणजे जवाचा गोड काढा, साडेसहा ते सात गॅलन असावा लागतो, कारण तासाभरात एक ते दीड गॅलनची वाफ होते आणि तळाशी राहिलेला गाळ सोडून द्यावा लागतो. शिवाय उकळी फुटण्याच्या सुमारास प्रथिने गोठून जो फेस येतो, तो दुधासारखा क्षणात काठावरून उतू जातो. अर्कापासून करणाऱ्याला त्यामुळे आठ गॅलनचे भांडे कसेबसे पुरते. पिशवीच्या पद्धतीत मात्र सगळे पाणी आणि पाच-साडेपाच किलो जव एकाच वेळी भांड्यात असतात आणि दोन्ही मिळून नऊ गॅलनच्या आसपास जागा घेतात. तेव्हा आपण दहा गॅलनपेक्षा लहान भांडे घेऊ नये. जास्त कडक बिअर करण्याचा मानस असेल, तर पंधरा गॅलनचे घ्यावे.

खरी अडचण शेगडीची आहे. सात गॅलन वर्टचे वजनच २७ किलोंच्या घरात जाते, त्यात भांड्याचे मिळवा. काचेच्या शेगड्यांना वजनाची आणि भांड्याच्या तळाच्या रुंदीची मर्यादा असते. ती माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी. काच टिकली तरी एवढ्या द्रवाला खळखळून उकळी आणण्याइतकी आच त्या शेगडीत बहुधा नसते. अंगण असेल तर प्रोपेनची शेगडी घ्यावी, पण ती उघड्यावरच पेटवावी. गराजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, नको, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंगण नसेल तर माझा सल्ला असा, की नवे काहीच घेऊ नये आणि आहे त्या पातेल्यात अडीच गॅलन बिअर करावी. ती शेगडीवर नीट उकळते आणि लवकर थंडही होते.

आता धातू. ॲल्युमिनियम स्वस्त व हलके असते आणि स्टीलच्या दहापटींहून अधिक चांगली उष्णता वाहते. नवे भांडे आणल्यावर त्यात एकदा साधे पाणी उकळावे, म्हणजे आतून संरक्षक करडा थर धरतो. तो घासून काढू नये आणि भांडी धुण्याची कॉस्टिक किंवा परकार्बोनेटची पावडर त्याला लावू नये. स्टील या पावडरींनीही धुता येते आणि वर्षानुवर्षे टिकते, पण त्यात उष्णता नीट पसरत नसल्यामुळे पातळ तळाच्या भांड्यात अर्क करपतो. म्हणून जाड, थरांच्या तळाचे घ्यावे. एनॅमलचा मुलामा दिलेले लोखंडी भांडे टाळावे, कारण टवका उडाला की लोखंड गंजते आणि चव बिघडते.

मंडळाचे पातेले धातूच्या दृष्टीने चालण्यासारखे आहे, पण फोडणीच्या तेलाचा अंश राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही, आणि तेल जाईपर्यंत घासले तर तो करडा थरही जातो. त्यातून ते पसरट असेल तर वाफ जास्त जाईल. (प्रसादाच्या पातेल्यात बिअर केल्याचे मंडळाला कळले तर काय होईल, हे आपणच जाणता.) उंची रुंदीपेक्षा थोडी जास्त असलेले भांडे बरे. उकळताना झाकण पूर्ण लावू नये. उकडलेल्या मक्यासारखा वास देणारे गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर निघून जावे लागते.

तोटी जरूर घ्यावी, कारण उकळून उरलेल्या वीस-बावीस किलो वर्टने भरलेले भांडे उचलून ओतणे धोक्याचे असते. मात्र ती सुटी करून धुता येणारी हवी. बसवलेल्या थर्मामीटरवर पैसे घालवू नयेत. उकळीच्या वेळी त्याचा उपयोग नसतो आणि त्याच्या दांड्यात पिशवी अडकते. आतल्या बाजूस मापाच्या खुणा असाव्यात. नसल्यास गॅलन-गॅलन पाणी ओतून लाकडी पळीवर खाचा पाडाव्यात.

प्रश्न : पुण्याला परत गेल्यावर हा छंद चालू ठेवता येईल का?

उत्तर : परवान्याशिवाय नाही. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती, विक्रीसाठी नव्हे, करता येते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवाना नसताना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरगुती वापरासाठी केलेल्या बिअरलाही त्यातून सूट नाही.