वाचक विचारतात: जोडीतलं एकच इंजिन मागे का पडतं?

प्रश्न: पानशेतच्या बॅकवॉटरला आमची 19 फुटी फायबर बोट आहे, रेवदंड्याच्या एका नाखव्याकडून सेकंडहँड घेतली, मागे बाहेरून लावलेली 40 एचपीची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं. समुद्रात दोन्ही 5500 आरपीएमला (मिनिटाला फेरे) जायची असं तो सांगतो. इथे फुल थ्रॉटलला डावं 5200 आणि उजवं कसंबसं 4700, आणि बोट सारखी उजवीकडे ओढते. मेकॅनिक म्हणतो उजवं खोलू, मित्र म्हणतात पंखे (प्रोपेलर) बदला. आधी काय करू?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: आधी काहीच खोलू नका आणि काही विकतही आणू नका. तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी एका इंजिनवाल्याकडे नसते, ती म्हणजे बिघडलेल्या इंजिनाच्या शेजारीच तस्संच दुसरं चालू इंजिन, त्यामुळे संशय येईल तो पार्ट डावा-उजवा अदलाबदल करून बघायचा. दोष पार्टबरोबर गेला तर पार्ट खराब, तिथेच राहिला तर पुढे शोधायचं. फक्त एका वेळी एकच बदल, दोन केले की कशाने फरक पडला तेच कळत नाही.

सुरुवात काट्यांपासून करा, कारण जुने आरपीएम मीटर सर्रास खोटं बोलतात. काही मीटरच्या मागे एक छोटा सिलेक्टर असतो, त्याचं सेटिंग चुकीचं असलं की काटा भलताच आकडा दाखवतो. निम्म्या स्पीडला दोन्ही काटे एकाच आकड्यावर आणा आणि कान द्या. इंजिनं खरंच जुळली असतील तर आवाज एकसंध लागतो, थोडा फरक असेल तर वांव-वांव-वांव अशा लाटा ऐकू येतात. काटे सारखे आणि आवाजात लाटा, म्हणजे मीटर तपासा. तुमची बोट उजवीकडे वळतेय म्हणजे उजवं खरंच कमी ढकलतंय असं मला वाटतं, पण किती कमी ते मीटरची खात्री झाल्याशिवाय ठरवू नका.

मग थ्रॉटल. इंजिन बंद, उजव्याचं झाकण काढा, एकाला लिव्हर पूर्ण पुढे रेटायला सांगा आणि तुम्ही थ्रॉटलच्या आर्मकडे बघा. तो शेवटच्या स्टॉपला टेकला पाहिजे. बऱ्याचदा टेकतच नाही, मधे बोटभर जागा राहते कारण केबल ताणलेली किंवा अ‍ॅडजस्टर सरकलेला, आणि मग लिव्हर फुल असूनही इंजिनाला फुल मिळतच नाही. हाताने आर्म ढकलून बघा, अजून पुढे जातोय का? जात असेल तर दुखणं केबलचं आहे आणि इंजिन खोलायचा खर्च वाचला.

तिथे सगळं ठीक असेल तर डाव्या-उजव्या इंजिनाचे पंखे आपसात बदलून बघा. 40 एचपीच्या जोडीत सहसा दोन्ही पंखे उजवेच फिरणारे असतात (मोठ्या इंजिनात एक उलटा फिरणारा असतो, तिथे ही अदलाबदल चालत नाही). पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर मागे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलाय का नक्की बघा, धरणात मासेमारीची जाळी असतात आणि तो दोरा सील कापतो, मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं. असं दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी ते करून घ्या, नाहीतर गिअरबॉक्स जाईल.

त्यानंतर पेट्रोल. उजव्या इंजिनाला वेगळी, ताजं पेट्रोल भरलेली सुटी टाकी आणि वेगळा पाइप लावून फुल थ्रॉटल द्या. सुधारलं तर टाकी, फिल्टर किंवा हातपंपाचा बल्ब यातच घोळ आहे. पळताना बल्ब चपटा होत असेल तर टाकीकडून पेट्रोल येत नाहीये, व्हेंट (टाकीत हवा जायचं भोक) बंद असेल किंवा पाइप आतून सुजला असेल. आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलची फार काळजी घ्या, बोट महिनोन्महिने उभी राहिली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी-इथेनॉल तळाला बसतं, नेमकं तिथूनच इंजिन पितं. पाणी वेगळं करणारा फिल्टर प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र हवा.

एवढं करूनही उजवं मागेच राहिलं तर मेकॅनिकला बोलवा, आणि खोलायच्या आधी प्लग आणि कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) दोन्ही इंजिनांचं तपासायला सांगा, तुलना तिथेही करायची. दोन्ही इंजिनं एकाच उंचीच्या भोकात बोल्ट केलीत का तेही बघा, एक भोक खाली म्हणजे साधारण पाऊण इंच खोल, आणि तेवढ्यानेही ओढ वाढते.

आता डाव्याचे 300 कुठे गेले? पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, पानशेत त्याहून वर, आणि दर 300 मीटरला इंजिनाची ताकद अंदाजे 3 टक्के कमी होते. इंजेक्शनवालं इंजिन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं पण पातळ हवेची भरपाई करू शकत नाही. शिवाय उजवं मागे पडल्याने बोटीचा वेग पडतो आणि डाव्यावर जास्त लोड येतो. म्हणून उजवं दुरुस्त झाल्यावरच पंख्याचा विचार करा. नेहमीच्या माणसांसकट फुल थ्रॉटलला तुमच्या मॅन्युअलमधल्या रेंजच्या वरच्या भागात आरपीएम आले नाहीत तर दोन्हीकडे एक इंच कमी पिचचे (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा तेवढं अंतर) पंखे घ्या, इंचामागे साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात. आज घेतले असते तर पैसे वाया गेले असते.

फुल थ्रॉटलच्या टेस्टला लाइफ जॅकेट आणि किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारा) दोरी अंगाला बांधलेली हवीच, यात तडजोड नाही.

प्रश्न: उजनीला जलपर्णीतून गेल्यावर एका इंजिनाची, थंड ठेवणारं पाणी फिरतंय हे दाखवणारी, पाण्याची धार बारीक होते. चालवत राहू का?
— एक वाचक, भिगवण

उत्तर: अजिबात नको. लगेच बंद करून वर उचला, खालच्या जाळीतली पानं-मुळं काढा, मग पाण्यात सोडून परत चालू करा. धार तरीही बारीक असेल तर आधी धारेच्या नळीत तार घाला, कचरा तिथेही अडकतो. नाहीतर इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपाचं चाक, तो रबराचा असतो, बोट बरेच दिवस उभी राहिली की त्याची पाती वाकडीच राहतात, आणि कोरडं चालवलं तर काही सेकंदांत जातो. बदलायचाच झाला तर दोन्ही इंजिनांचे एकदमच बदला, दुसऱ्याचं वयही तेवढंच झालेलं असतं.

प्रश्न: एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: येतं, पण हळू. बंद पडलेलं वर उचला, त्याची ओढ कमी होते. एकट्या इंजिनावर बोट सहसा पाण्यावर उचलली जात नाही, म्हणून फुल थ्रॉटलला दाबून ठेवू नका, कमी आरपीएमवर जास्त लोड इंजिनाला मारतो. निम्म्याच्या आत ठेवा आणि स्टिअरिंग घट्ट धरा.